पर्लमधील वेब-सेवा आणि जेसन माहिती : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या बिलिंग प्रणालीतून ई-इन्व्हॉइस पोर्टलकडे, पेमेंट गेटवेकडे किंवा आपल्याच मोबाइल अॅपकडे जी माहिती जाते, ती आज बहुतेक ठिकाणी जेसन या मजकुरी स्वरूपात जाते. आम्ही ज्यांची देखभाल करतो, त्या प्रणालींचा मागचा भाग पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आहे. पर्ल आणि जेसन यांचे एरवी चांगले जमते. मात्र काही मोजक्या जागी त्यांच्या स्वभावात फरक आहे, आणि ‘काल चालत होते, आज नाकारले’ अशा स्वरूपाच्या तक्रारी त्याच जागांवरून येतात. त्या जागा कोणत्या, हे आपल्या संगणक विभागाला आणि बिले भरणाऱ्या सहकाऱ्यांनाही समजावे, यासाठी हे पत्रक आहे.

संख्या की मजकूर

जेसनमध्ये ४१६४१६ असे लिहिले तर ती संख्या होते आणि तेच अंक दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले तर तो मजकूर होतो. स्वीकारणारी प्रणाली हा भेद काटेकोरपणे पाहते. पर्लमध्ये मात्र चलाला, म्हणजे मूल्य ठेवण्याच्या नाव दिलेल्या जागेला, असा पक्का प्रकार नसतो. एकच मूल्य बेरजेत वापरले तर संख्या म्हणून चालते आणि वाक्यात जोडले तर मजकूर म्हणून चालते. पर्ल शिकताना ही सोय फार सुखाची वाटते; जेसन तयार करताना मात्र ते काम करणाऱ्या मॉड्यूलला (पर्लला जोडायच्या तयार भागाला) त्या मूल्याच्या अंतर्गत खुणा पाहून अंदाज बांधावा लागतो.

ई-इन्व्हॉइसचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे, कारण ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीची बिले जेसन स्वरूपात नोंदवावी लागतात आणि आमचे बरेच ग्राहक त्या कक्षेत येतात. त्या बिलाच्या ठरलेल्या आराखड्यात पिनकोड संख्या म्हणून द्यावा लागतो, तर राज्याचा कोड, एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा कोड) आणि ओळीचा अनुक्रमांक हे अंकांनीच बनलेले असले तरी मजकूर म्हणून द्यावे लागतात. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचे बिल घ्या. पिनकोड ४१६४१६ हा अवतरणचिन्हांविना जायला हवा. महाराष्ट्राचा कोड २७ अवतरणचिन्हांत जायला हवा. आणि हळदीचा एचएसएन ज्या ०९१० या शीर्षाखाली येतो, त्याचे पहिले शून्य काही झाले तरी टिकायला हवे. एखाद्या प्रोग्रॅमरने ‘सगळेच अंक आहेत’ असे समजून सरसकट शून्य मिळवून सर्वांची संख्या केली, तर ०९१० चे ९१० होते आणि तो कोड हळदीचा राहत नाही.

उलट दिशेचा घोळ अधिक चकवा देणारा असतो. पिनकोड संख्या म्हणूनच तयार झालेला असतो, पण मध्येच कोणीतरी तपासणीसाठी लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलमध्ये, ‘पिन अमुक’ अशी ओळ छापतो. छापताना पर्ल त्या मूल्याचे मजकुरी रूप तयार करून त्याच चलाजवळ जपून ठेवते, आणि त्यानंतर जेसन::एक्सएस किंवा जेसन::पीपी यांसारखे जेसन तयार करणारे मॉड्यूल ते मूल्य पाहते तेव्हा त्याला मजकूर समजून अवतरणचिन्हे लावते. म्हणजे केवळ लॉगची एक ओळ वाढवल्यामुळे बिल नाकारले जाऊ शकते. २०२२ साली आलेल्या पर्ल ५.३६ पासून भाषेने स्वतःच हा भेद अधिक नीट जपायला सुरुवात केली. परंतु अनेक सर्व्हरांवर त्याआधीची आवृत्ती अजून चालू आहे, आणि मॉड्यूल व त्याची आवृत्ती यांनुसारही वागणुकीत फरक पडतो. शिवाय डेटाबेसमधून किंवा फाइलमधून वाचलेले अंक बहुधा मजकूर म्हणूनच हाती येतात.

यावर आमचा आग्रह एकच आहे. कोणते मूल्य कोणत्या प्रकारचे, हा निर्णय गावभर विखुरलेला नसावा. तो वेशीवर, म्हणजे जेसन तयार होण्याच्या लगेच आधीच्या एकाच फंक्शनमध्ये घ्यावा. तेथे संख्या हव्या असलेल्या फील्डमध्ये शून्य मिळवावे आणि मजकूर हव्या असलेल्या फील्डला रिकामा मजकूर जोडावा. त्या फंक्शननंतर त्या मूल्यांना कोणीही हात लावू नये, लॉगसाठीसुद्धा नाही. लॉगमध्ये लिहायचेच असेल तर तयार झालेला जेसन मजकूर लिहावा. सीपॅनेल::जेसन::एक्सएस हे मॉड्यूल उपलब्ध असेल तर त्याहून चांगली सोय आहे : एन्कोड करताना, म्हणजे पर्लमधील माहितीचे जेसन करताना, माहितीसोबत प्रकारांचा वेगळा तक्ता देता येतो आणि पूर्णांक, दशांश, मजकूर, बूलियन (होय/नाही) हे त्या तक्त्याप्रमाणेच बाहेर पडतात. नव्या कामात आम्ही शक्यतो हाच मार्ग घेतो, कारण तो तक्ता म्हणजे आराखड्याची वाचता येण्याजोगी प्रतच असते.

रकमा आणि मोठे क्रमांक

१९.९९ रुपयांचे पैसे करण्यासाठी शंभराने गुणले, तर पर्ल पडद्यावर १९९९ दाखवते. पण त्याच गुणाकाराचा पूर्णांक भाग घेतला तर १९९८ मिळतात. कारण १९.९९ ही किंमत दुअंकी पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. गुणाकार १९९९ पेक्षा किंचित कमी येतो, छापताना पर्ल तो पंधरा अंकांपर्यंत पूर्णांकित करून दाखवते आणि पूर्णांक भाग काढताना मात्र अपूर्णांक छाटून टाकते. एका बिलात एका पैशाचा फरक कोणी मनावर घेत नाही, पण महिन्याचा ताळेबंद जुळवताना हिशेब विभागाचा अर्धा दिवस त्यात जातो. म्हणून रक्कम छाटू नये, पर्लचे एसप्रिंटएफ हे फंक्शन वापरून पूर्णांकित करावी. आणि पलीकडची सेवा परवानगी देत असेल तर रकमा पैशांमध्ये, पूर्णांक म्हणून साठवाव्यात आणि पाठवाव्यात.

मोठ्या क्रमांकांचा प्रश्न वेगळा आहे. ६४-बिट सर्व्हरवर पर्लला एकोणीस अंकी पूर्णांकही पेलतो, पण तो ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या हाती गेला की ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे शेवटचे अंक बदलू शकतात. ऑर्डर क्रमांक, व्यवहार क्रमांक, मोबाइल क्रमांक, बँक खाते क्रमांक यांची कधी बेरीज करायची नसते. ते नेहमी मजकूर म्हणूनच पाठवावेत.

होय, नाही आणि रिकामे

जेसनला ट्रू व फॉल्स ही स्वतंत्र मूल्ये आहेत. पर्लमध्ये १ आणि ० वापरण्याची रीत असल्यामुळे तेच अंक बाहेर जातात आणि काटेकोर सेवा ते नाकारते. पर्लमधून खरे बूलियन पाठवायचे असेल तर १ किंवा ० चा संदर्भ, म्हणजे उलटी तिरकी रेघ लावलेला १ किंवा ०, द्यावा. किंवा मॉड्यूलने पुरवलेली ट्रू-फॉल्स मूल्ये वापरावीत. येणाऱ्या माहितीत कोणी फॉल्स हा शब्द अवतरणचिन्हांत पाठवला असेल तर पर्लच्या दृष्टीने तो रिकामा नसलेला मजकूर असतो, म्हणून ‘खरे’ ठरतो; अशा फील्डची तुलना अक्षरशः करावी.

फील्ड मुळीच नसणे, फील्डमध्ये नल (‘मूल्य नाही’ अशी खूण) असणे आणि फील्डमध्ये रिकामा मजकूर असणे ही तीन वेगळी विधाने आहेत. पर्लमधील अनडेफचे, म्हणजे मूल्य न दिलेल्या स्थितीचे, जेसनमध्ये नल होते, इतके सरळ आहे. सरळ नाही ते पुढचे. समजा, माहिती अशी रचली आहे : फोनच्या जागी ग्राहकाचा फोन शोधून देणारे फंक्शन, आणि शहराच्या जागी ‘सांगली’. फोन सापडला नाही म्हणून त्या फंक्शनने नुसते रिटर्न केले, म्हणजे कोणतेही मूल्य न देता ते परतले, तर पर्लमध्ये त्या जागी अनडेफ येत नाही, रिकामी यादी येते. म्हणजे ती जागाच नाहीशी होते आणि पुढचे सर्व एक पाऊल मागे सरकते. परिणामी ‘फोन’ या फील्डमध्ये ‘शहर’ हा शब्द जाऊन बसतो आणि ‘सांगली’ नावाचे एक नवेच रिकामे फील्ड तयार होते. इशारे चालू असतील तर पर्ल विषम संख्येबद्दल कुरकुर तरी करते. पण फोन आणि ईमेल दोन्ही सापडले नाहीत, तर एकूण संख्या पुन्हा सम होते, कोणताही इशारा मिळत नाही, आणि ग्राहकाचा फोन ‘ईमेल’ असा नोंदला जातो. अशा प्रत्येक फंक्शनच्या आधी स्केलर हा शब्द (‘एकच मूल्य हवे’ असे सांगणारा) लिहिला की हा प्रकार थांबतो. वेबफॉर्ममधील मूल्ये थेट अशा रचनेत घेतल्यास बाहेरच्या व्यक्तीला आपल्याला हवी ती फील्डे घुसवता येतात, त्यामुळे ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नाही, सुरक्षेचीही आहे.

मराठी मजकूर

‘सांगली’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, १८ बाइटांचा होतो, कारण त्यातील सहा चिन्हांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. एन्कोड_जेसन हे फंक्शन अक्षरे घेते आणि यूटीएफ-८ बाइट देते. डिकोड_जेसन बाइट घेते आणि अक्षरे देते. म्हणून एन्कोड_जेसनला आधीच बाइट झालेला मजकूर दिला, किंवा त्याचे उत्तर पुन्हा यूटीएफ-८ थर लावलेल्या फाइलमध्ये लिहिले, तर एन्कोडिंग दोनदा होते : १८ बाइटांचे ३६ होतात आणि पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ अक्षर व त्याच्यामागे चलनाची चिन्हे अशी रांग दिसते. ही रांग दिसली की फॉन्टला दोष देऊ नये. कुठेतरी दुसऱ्यांदा एन्कोडिंग झाले आहे. बहुधा कारण तीनपैकी एक असते : प्रोग्रॅममध्ये मराठी शब्द लिहिलेले आहेत पण वर ‘यूज यूटीएफ८’ नाही, डेटाबेसच्या जोडणीत यूटीएफ-८ चा पर्याय चालू केलेला नाही, किंवा दोन प्रोग्रॅमरांनी आपापल्या परीने तीच काळजी घेतली आहे.

बाहेरच्या सेवेचे उत्तर एलडब्ल्यूपी या पर्लच्या वेब-मॉड्यूलने वाचताना त्यातील डिकोडेड_कंटेंट या फंक्शनला कॅरसेट (अक्षरसंच) ‘नन’ असे सांगावे. त्यामुळे दाबून पाठवलेला मजकूर मोकळा होतो, पण अक्षरांत बदलत नाही, आणि डिकोड_जेसनला हवे असलेले बाइटच मिळतात. काही सेवा मराठी अक्षरांऐवजी उलटी रेघ, ‘यू’ आणि चार अंक-अक्षरांचा संकेत पाठवतात. तो बिघाड नाही. तेही वैध जेसन आहे आणि वाचल्यावर मूळ अक्षरेच मिळतात.

बाहेरून आलेले जेसन

चुकीचे जेसन दिसताच डिकोड_जेसन प्रोग्रॅम थांबवते, म्हणून ते नेहमी इव्हॅलच्या, म्हणजे चूक झाली तरी प्रोग्रॅम बंद पडू न देणाऱ्या रचनेच्या, आत चालवावे. ‘शून्याव्या अक्षरापाशी बिघाड’ अशा आशयाचा इंग्रजी संदेश आला आणि त्याच्या शेवटी एचटीएमएलचा टॅग दिसला, तर जेसन बिघडलेले नसून समोरच्या सर्व्हरने त्रुटीचे वेबपान पाठवलेले असते. अशा वेळी आधी एचटीटीपी स्थिती पाहावी. खोलीची, म्हणजे एकात एक फील्डे किती थर असू शकतात याची, मर्यादा जेसन::एक्सएसमध्ये मुळातच ५१२ थरांची आहे, पण आकाराला मर्यादा नाही. जी सेवा इंटरनेटवर उघडी आहे तिच्यासाठी मॅक्स_साइझ ही आकाराची मर्यादा ठरवून द्यावी.

पेमेंट गेटवेकडून येणाऱ्या सूचनेसोबत डिजिटल सही असते. ती सही आलेल्या बाइटांवर तपासावी. आधी डिकोड करून पुन्हा एन्कोड केलेल्या मजकुरावर तपासू नये. २०१३ च्या पर्ल ५.१८ पासून हॅशमधील (नाव-मूल्याच्या जोड्यांच्या संचातील) फील्डांचा क्रम दर वेळी वेगळा येऊ शकतो, त्यामुळे पुन्हा तयार केलेले जेसन अर्थाने तेच असले तरी अक्षराने तेच नसते आणि सही जुळत नाही. आपण स्वतः सही करून पाठवत असाल तर कॅनॉनिकल हा पर्याय चालू करावा. त्याने फील्डे नावानुसार लागतात.

कोणते मॉड्यूल

जेसन::पीपी २०११ च्या ५.१४ पासून पर्लसोबतच येते आणि सर्वत्र चालते, पण ते शुद्ध पर्लमध्ये असल्याने मोठ्या माहितीला वेळ लावते. जेसन::एक्सएस आणि सीपॅनेल::जेसन::एक्सएस यांचा गाभा सी भाषेत असल्याने ती वेगवान आहेत, मात्र बसवताना सर्व्हरवर कंपायलर, म्हणजे सी भाषेतील मजकुराचा चालणारा प्रोग्रॅम करणारे साधन, लागतो. जेसन::मेबीएक्सएस हे आधी सीपॅनेलचे, मग जेसन::एक्सएस आणि काहीच नसेल तर जेसन::पीपी निवडते. स्वस्त सामायिक होस्टिंगवर ही निवड नकळत बदलू शकते, म्हणून प्रणाली दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याआधी आम्हाला कळवावे.

तक्रार नोंदवताना पडद्याचा फोटो पाठवण्याऐवजी गेलेले आणि आलेले जेसन फाइल म्हणून, जसेच्या तसे पाठवावे, कारण फोटोत आणि मोबाइलवर चिकटवलेल्या मजकुरात अवतरणचिन्हे बदलतात आणि नेमका पुरावाच हरवतो. फाइलमधील ग्राहकांची नावे, फोन आणि खाते क्रमांक झाकताना अंकांच्या जागी तितकेच अंक ठेवावेत, आणि पर्लची व मॉड्यूलची आवृत्ती सोबत लिहावी.