सांगलीत युनिसायकलचा आंतरराष्ट्रीय मेळावा घ्यायचाय? परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रं

युनिसायकलच्या, म्हणजे एकचाकी सायकलच्या, अशा मेळाव्यासाठी एक ठरलेला फॉर्म नसतो. जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन ‘अर्ज द्या’ म्हणालात तर समोरचा कारकून तुम्हालाच विचारेल, कशाचा? मैदानाचा, रस्त्याचा, लाऊडस्पीकरचा की परदेशी पाहुण्यांचा? प्रत्येकाचं टेबल वेगळं आणि बहुतेक वेळा इमारतही वेगळी. म्हणून आधी स्पर्धांची यादी पक्की करा. स्पर्धा ठरली की जागा ठरते, जागा ठरली की ती कुणाच्या ताब्यात आहे ते कळतं, आणि अर्जावर ‘प्रति’ च्या पुढे काय लिहायचं हा प्रश्न सुटतो. बरेच उत्साही लोक उलटं करतात. मंत्र्यांची तारीख घेतात, फ्लेक्स छापतात आणि मग रस्ता कुणाचा ते शोधत फिरतात.

नावाचं आधी बघू. ‘युनिकॉन’ हे नाव वापरू नका. आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग महासंघाचा, म्हणजे आययूएफचा, तो जागतिक मेळावा आहे. पहिला १९८४ मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूजला झाला आणि साधारण दर दोन वर्षांनी देश बदलत तो भरतो. २०१८ चा दक्षिण कोरियात होता. २०२० चा कोरोनामुळे पुढे गेला आणि २०२२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला झाला, २०२४ चा अमेरिकेत. त्याचं यजमानपद महासंघाकडे प्रस्ताव देऊन मिळवावं लागतं. आपण बोलतोय ते निमंत्रितांच्या मेळाव्याबद्दल: दहा-वीस परदेशी चालक, बाकी आपल्याकडची मुलं. त्याला साधं नाव द्या. ‘राष्ट्रीय’, ‘अखिल भारतीय’, ‘जागतिक अजिंक्यपद’ असे शब्द टाळा. त्यानं कागद अडतात, आणि प्रमाणपत्रावर असले शब्द दिसले की पालक पाच टक्के खेळाडू आरक्षणाचं विचारायला येतात. ते आरक्षण ठरावीक खेळ आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांपुरतं आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक करतात. माहितीपत्रकातच स्पष्ट लिहा की हा सहभागाचा मेळावा आहे, सवलतीचा नाही.

स्पर्धा कोणत्या आणि त्यांना जागा कोणती

महासंघाची नियमावली सर्वांना खुली आहे, ती उतरवून घ्या. ट्रॅकवर १००, ४०० आणि ८०० मीटर, ५० मीटर एका पायानं, ३० मीटर चाकावर पावलं टाकत म्हणजे व्हील वॉक, आणि दहा शंकूंमधून जायची स्लॅलम. आपल्या प्रेक्षकाला सगळ्यात आवडेल ती हळू चालवायची शर्यत. स्नेहसंमेलनातली स्लो सायकल सांगलीत कुणाला सांगायला नको. इथं फक्त फळी १० मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद असते, त्यावरून न थांबता, मागे न येता, जास्तीत जास्त वेळ काढायचा. खर्च जवळजवळ शून्य. सुतार आणि स्टॉपवॉच पुरतं.

ट्रॅकच्या नेहमीच्या शर्यतीत चाकाचा व्यास ६१८ मिलिमीटरच्या वर चालत नाही आणि क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १२५ मिलिमीटरहून आखूड नको. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, आखूड क्रँकनं पाय भरभर फिरतात. मर्यादा नसली तर ज्याचा खिसा मोठा तो जिंकेल. म्हणून नोंदणीच्या टेबलाशेजारी मोजपट्टी घेऊन एक माणूस बसवायचाच. हे अर्जात लागत नाही, पण ‘तांत्रिक समिती’ म्हणून त्याचं नाव जोडपत्रात टाकलं की क्रीडा कार्यालयात फाईल जरा गंभीरपणे वाचली जाते.

मैदान महापालिकेचं असेल तर अर्ज सांगली मिरज कुपवाड महानगरपालिकेच्या आयुक्तांना, जिल्हा क्रीडा संकुलाचं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना, कॉलेजचं असेल तर प्राचार्यांमार्फत संस्थेला.

युनिसायकलवरची हॉकी आणि बास्केटबॉल हॉलमध्ये. हॉकीत एका बाजूला पाच खेळाडू, हातात काठी, चेंडू टेनिसचाच पण उसळी मेलेला. हॉल भाड्यानं घेताना मालकाला खरी काळजी फरशीची असते, आणि ती रास्त आहे. युनिसायकल पडली की पेडल लाकडी फ्लोअरवर ओरखडा काढतं, काळा टायर रेघा मारतो. ‘धातूचं पेडल आणि डाग पाडणारा टायर हॉलमध्ये चालणार नाही’ हे वाक्य करारातच घाला. अनामत कमी करून मागायला तोंड राहतं. करारासाठी मुद्रांक आता शंभराचा पुरत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक ठिकाणी पाचशेचा लागतो.

रस्त्याची गोष्ट वेगळी. १० किलोमीटरची शर्यत सांगली-मिरज रस्त्यावर घ्यावी असं प्रत्येकाला पहिल्यांदा वाटतं. नका घेऊ. एसटी, सिटी बस, रिक्षा, दवाखान्यात निघालेल्या गाड्या, आणि वाटेत पोलीस ठाण्यांच्या हद्दीही बदलतात. आयर्विन पुलाचा फोटो छान येईल हे मान्य, पण पूल अडवायला कुणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. त्यापेक्षा एकाच ठाण्याच्या हद्दीत, उपनगरातला दीड-दोन किलोमीटरचा फेरा धरा आणि तोच पाच-सात वेळा मारा. स्वयंसेवक कमी लागतात, अँब्युलन्स एका जागी उभी राहते आणि प्रेक्षकाला चालक पुन्हा पुन्हा दिसतो.

डोंगरासाठी मिरज तालुक्यातला दंडोबा सोयीचा. पण तिथं वन विभाग आला, म्हणजे उपवनसंरक्षक, सांगली यांच्याकडे नकाशासह अर्ज. चढाची शर्यतच मागा. बहुतेक युनिसायकलींना फ्रीव्हील नसतं, चाक फिरतं तोवर पाय फिरतात. उतारावर वेग चढला की ते आवरायला कसलेला चालक लागतो. नवख्या पोरांना उताराच्या शर्यतीत घालणं मला तरी पटत नाही. सागरेश्वर अभयारण्य आणि चांदोलीकडचं जंगल या कामासाठी विसरून जा.

तारीख डिसेंबर-जानेवारी. जुलै-ऑगस्टचा विचारही करू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती हे सांगलीकराला सांगायची गरज नाही, पण परदेशी पाहुण्याला ते ठाऊक नसतं आणि तो त्याच्याकडची उन्हाळी सुट्टी बघून तारीख सुचवतो.

अर्ज कोण करू शकतं

नोंदणीकृत संस्था, शाळा-कॉलेज किंवा क्रीडा मंडळ. एकट्या माणसाच्या नावानं अर्ज घेतला जातो, पुढं सरकत नाही. संस्थेची फाईल एकदा नीट लावली की तीच सगळीकडे झेरॉक्स होऊन जाते: नोंदणी प्रमाणपत्र, घटना, धर्मादाय कार्यालयाकडचा विश्वस्तांची नावं असलेला शेड्यूल एकचा उतारा, पॅन, मागचे लेखापरीक्षण अहवाल, बँकेचा रद्द केलेला चेक, आणि कार्यकारिणीचा ठराव. ठरावात मेळाव्याची तारीख, जागा आणि ‘पत्रव्यवहार व सही करण्याचे अधिकार अमुक यांना’ हे वाक्य हवंच.

इथं खरी अडचण उताऱ्यात येते. पदाधिकारी बदललेले असतात, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल कळवणारा अर्ज, धर्मादाय कार्यालयात पडून असतो. उताऱ्यावर जुन्या अध्यक्षांचं नाव, अर्जावर नव्यांची सही. बाबूंना एवढं कारण पुरतं. बदल अर्जाची पोच जोडा, आणि जुने अध्यक्ष हयात व राजी असतील तर त्यांचंही संमतीपत्र जोडून टाका.

अर्जाला स्पर्धांचं वेळापत्रक, जागेचा नकाशा, अंदाजे गर्दी, स्वयंसेवकांची यादी, वैद्यकीय सोय आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र लावा. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

पोलीस, आवाज आणि संगीत

पोलीस अधीक्षकांना एक अर्ज, त्याच्या प्रती संबंधित ठाणं आणि वाहतूक शाखेला. रस्ता काही तास वळवायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली अधिसूचना निघते; तुमच्या नकाशात पर्यायी मार्ग आखलेला असला तर काम हलकं होतं. जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्याच कलम ३७ चा मनाई आदेश चालू असेल तर जमावासाठी वेगळी परवानगी लागते, ते आधी विचारून घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर स्टेजवरचे पाहुणे आणि बॅनर दोन्ही तपासले जातात.

लाऊडस्पीकरचा परवाना लोकसेवा हक्क कायद्याखाली येतो, त्यामुळे मुदत विचारायला संकोचू नका. रात्री १० ते सकाळी ६ बंद. दवाखाने, शाळा आणि न्यायालयांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं आणि मिरजेत दवाखान्यापासून १०० मीटर लांब मैदान शोधणं हेच एक काम आहे.

एक गोष्ट हमखास राहते. फ्रीस्टाइल, म्हणजे कसरतींची, स्पर्धा संगीतावर होते, स्केटिंगसारखी. रेकॉर्ड केलेलं गाणं सार्वजनिक कार्यक्रमात वाजवायला हक्कधारकांचा परवाना लागतो. आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडे तो कार्यक्रमापुरता घेता येतो. चालकांकडून गाण्यांची यादी आधी मागवा.

परदेशी चालक

व्हिसा तुम्ही काढत नाही, पण त्यासाठीचं निमंत्रणपत्र तुमचं असतं. त्यात पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, येण्या-जाण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता, खर्च कोण करणार आणि चालकाला मानधन आहे की नाही हे स्वच्छ लिहा. मानधन आणि रोख बक्षीस आलं की व्हिसाचा प्रकार बदलू शकतो. ‘टुरिस्ट व्हिसावर या, कोण बघतंय’ असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. चालकानं त्याच्या देशातल्या भारतीय दूतावासाला तुमचं पत्र दाखवून कोणता व्हिसा हवा ते लेखी विचारावं.

राहण्याची नोंद त्याहून जास्त डोकेदुखी देते. परदेशी माणूस ज्याच्याकडे मुक्कामाला येतो त्यानं २४ तासांत ऑनलाइन नोंद करायची असते. लॉजवाले तिला फॉर्म-सी म्हणतात. २०२५ च्या सप्टेंबरपासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला, तरी ही जबाबदारी कायम आहे. घरी पाहुणा ठेवणाऱ्यालाही ती चुकत नाही. छोटे लॉज या कटकटीमुळे परदेशी माणसाला खोलीच नाकारतात, म्हणून बुकिंग करताना ‘तुमचं पोर्टलचं लॉगिन आहे का’ हा पहिला प्रश्न. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षक कार्यालय बघतं. पाहुण्यांची यादी तिथं आधीच देऊन ठेवा. काही देशांच्या नागरिकांसाठी केंद्राच्या पातळीवर मंजुरी लागते आणि तिला महिने जातात, म्हणून निमंत्रणं पाठवण्याआधी राष्ट्रीयत्व बघा.

आपल्या स्पर्धकांची पात्रता

वयोगट, स्वतःची युनिसायकल, बूट, गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे. रस्ता व डोंगराला हेल्मेट सक्तीचं ठेवा. वयाला जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड, अठराखालच्यांना पालकांचं संमतीपत्र, सगळ्यांना वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. आधार मागायचं असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मागा; शेकडो मुलांची आधारची झेरॉक्स मंडळाच्या कपाटात पडून राहणं बरं नाही.

हौशी मुलं कुठून येणार असं कुणी विचारलं तर सांगलीकरांनी लाजायचं कारण नाही. भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, त्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ १८८० चा. म्हैसाळच्या देवलांची सर्कसही याच जिल्ह्याची. एकचाकीवर तोल सांभाळणारे जुने कलाकार परीक्षक म्हणून बोलवा. महासंघाचे नियम त्यांना एका दुपारी समजतील, आणि तोल जाण्याआधीची हालचाल ते आपल्यापेक्षा आधी ओळखतात.

पैसे

प्रवेश शुल्क आणि देणगी यांची सरमिसळ करू नका. परदेशी चालकानं भरलेलं प्रवेश शुल्क ही सेवेची किंमत म्हणून मांडता येते, पण त्याच्या क्लबनं ‘मेळाव्याला मदत’ म्हणून पैसे पाठवले तर ती विदेशी देणगी ठरते आणि तिला २०१० च्या एफसीआरए कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. ही नोंदणी नसेल तर अशी मदत सरळ नाकारा. शुल्काची बाजूही तुमच्या सीएकडून लेखी तपासून घ्या. गावातली वर्गणी नोंदणी नसलेल्या मंडळानं गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी लागते. पावतीपुस्तकावर क्रमांक छापलेले हवेत.

रुग्णसेवेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र द्या, पण फक्त १०८ वर भिस्त ठेवू नका. ती गाडी तुमच्या मैदानावर बांधून ठेवता येत नाही. एक खासगी अँब्युलन्स भाड्यानं घ्या आणि विम्याची प्रत फाईलला लावा.

मेळावा झाल्यावर मैदान आणि हॉल ताब्यात देताना तिथल्या कर्मचाऱ्यासोबत फिरून फोटो काढा आणि ‘नुकसान नाही’ असं त्याच दिवशी लिहून घ्या. अनामत आठवड्यानं मागायला गेलात तर एखादा ओरखडा तुमच्या नावावर लागलेला असतो, आणि तो मागच्या बॅडमिंटन स्पर्धेतला आहे हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच नसतं.