आई-वडिलांचे ग्रीनकार्ड : आय-१३० भरण्याआधी

आई-वडिलांसाठी आय-१३० (नातलगाला ग्रीनकार्ड मिळवून देण्याचा पहिला अर्ज) फक्त अमेरिकी नागरिकालाच भरता येतो आणि त्याचे वय किमान २१ असावे लागते. ग्रीनकार्डधारकाला ही सोय नाही. नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोट्याची रांग लागत नाही, हा मोठा फायदा. पण दोघांसाठी दोन स्वतंत्र अर्ज हवेत. वडिलांच्या अर्जात आईचे नाव घालून भागत नाही आणि धाकट्या भावंडालाही त्यांच्यासोबत आणता येत नाही. एप्रिल २०२४ पासून प्रत्येक अर्जाची फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी ६७५. ऑनलाइनच भरा.

खुद्द फॉर्म फार अवघड नाही. चुका ठरावीक जागी होतात. ‘कुणासाठी अर्ज करता’ या पहिल्याच प्रश्नाला ‘पेरेंट’वर खूण हवी, ‘मी त्यांचा मुलगा’ असा विचार करून लोक ‘चाइल्ड’ निवडतात. पालकांचे नाव-पत्ता मूळ लिपीत मागितला आहे, तिथे देवनागरीत लिहा. व्हिसाची मुलाखत भारतात होणार असेल तर शहर ‘मुंबई’ लिहायचे, आई-वडील हैदराबादला राहत असले तरी. वकिलात तिथेही आहे, पण इमिग्रंट (कायम राहण्याच्या) व्हिसाचे काम मुंबईत बीकेसीला होते. आय-१३०ए हा जोडफॉर्म फक्त नवरा-बायकोसाठी असतो. तो भरू नका.

केस अडकते ती नावांवर. आईच्या अर्जाला तुमच्या जन्मदाखल्यावर तुमचे आणि तिचे नाव लागते. वडिलांच्या अर्जाला आई-वडील दोघांची नावे असलेला तुमचा जन्मदाखला आणि शिवाय त्यांचा विवाहदाखला. आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. माहेरची सिंधू सासरी वैशाली झालेली, दाखल्यावर दत्तू आणि पासपोर्टवर दत्तात्रय. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, पण कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्यासाठी ती चार वेगळी माणसे आहेत. म्हणून ‘इतर नावे’ या रकान्यात प्रत्येक जुने नाव लिहा आणि जुन्या नावापासून आजच्या नावापर्यंत नेणारा कागद जोडा : विवाहदाखला, राजपत्रातली नोंद किंवा दोन्ही नावे असलेले प्रतिज्ञापत्र.

जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाच्या जागी नुसती रेघ असते, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. असा दाखला एकटा पुरत नाही. आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून मिळते का ते विचारा. नोंदच सापडत नसेल तर नोंद नसल्याचा दाखला (बोलीत ‘एनएबीसी’), शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रे असा संच करा. अलीकडे उशिरा नोंदवून घेतलेला दाखला असेल तरी शाळेचा जुना कागद सोबत द्याच. चाळीस वर्षांनी झालेल्या नोंदीवर प्रश्न येतोच.

प्रतिज्ञापत्र देणारी व्यक्ती तुमच्या जन्माच्या वेळी हयात आणि माहीतगार हवी. मामा, आत्या, शेजारी, कुणीही चालेल. तिचे नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमच्याशी नाते, तुमच्या जन्माचा तपशील आणि तो तिला कसा माहीत हे सगळे त्यात यावे. ‘मी यांना लहानपणापासून ओळखतो’ एवढीच ओळ असेल तर स्टँपपेपर कितीही महागाचा असो, उपयोग शून्य.

आई-वडिलांचे लग्न नोंदवलेलेच नसेल तर महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली आजही नोंदवता येते. दोघांना साक्षीदारांसह निबंधकासमोर जावे लागते. लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो शोधून ठेवा.

मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर पूर्ण हवे, शिक्के आणि मागची बाजू धरून. खाली भाषांतरकाराने ‘दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असे लिहून सही करायची. नोटरीची गरज नाही.

एक क्रम आधीच ठरवा. आय-१३० दाखल झाल्यावर पर्यटक व्हिसाच्या अर्जात ते खरे सांगावे लागते आणि ‘परत जाणार’ हे पटवणे कठीण होते. बाळंतपणासाठी आईला बोलवायचे असेल तर हे ध्यानात ठेवा.

मंजुरीनंतर केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी फी आणि कागद घेणारे अमेरिकी सरकारी कार्यालय) जाते. तिथे व्हिसा फी प्रत्येकी ३२५ डॉलर, आय-८६४ ची १२० डॉलर. आय-८६४ म्हणजे तुमच्या उत्पन्नाची हमी, अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के. तुम्ही दोघे, दोन मुले आणि आई-वडील असे सहा जण धरले तर २०२५ च्या तक्त्यानुसार वर्षाला ५३,९३७ डॉलर. तक्ता दरवर्षी बदलतो. सेंटरशी वर्षभर काहीच संपर्क नसेल तर केस बंद होऊ शकते.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते. छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसला तर थुंकीचे कल्चर (क्षयाची प्रयोगशाळेतली तपासणी) करतात आणि त्यालाच आठ आठवडे जातात. त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नका.

ग्रीनकार्ड मिळाल्यावर वर्षभर किंवा जास्त भारतात राहायचे असेल तर री-एंट्री परमिटचा (परत येण्याच्या परवान्याचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ६५ वर्षांवरील पालकांना सहसा पाच वर्षे अमेरिकेत राहिल्याशिवाय मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) विकतही घेता येत नाही. तोवरच्या विम्याचा खर्च आधीच धरा.

सल्ल्यासाठी आमच्याकडे पहिल्या भेटीला येताना तुमचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र किंवा अमेरिकी पासपोर्ट, जन्मदाखला, आई-वडिलांचे पासपोर्ट, विवाहदाखला आणि दोघांच्या सगळ्या जुन्या नावांची यादी आणा. यादी फोनवर आईलाच विचारून करा.