'सूट' सूर्याचे अतिनील किरण मोजते? थांबा जरा

हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. सूट मुळात फोटो काढते. भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानावरची, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली ही दुर्बीण: २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण, अकरा फिल्टर, अख्ख्या सूर्यबिंबाचे फोटो. (फोटोतले रंग नंतर भरलेले असतात. 'सूर्य असा दिसतो' म्हणून ते फॉरवर्ड करू नका.)

दुसऱ्या, म्हणजे खरोखर मोजणाऱ्या जातीचं उपकरण म्हणजे २००३ साली नासाच्या 'सोर्स' उपग्रहावर गेलेलं आणि २०२०पर्यंत चाललेलं 'सोल्स्टिस'. ते फोटो काढतच नसे. सगळा सूर्य मिळून एकच प्रकाश. तो तरंगलांबीनुसार फोडायचा आणि कुठे किती ऊर्जा आहे तो आकडा द्यायचा. त्याची सुरुवात ११५ नॅनोमीटरपासून व्हायची, हा फरक किरकोळ.

"मग सूटच्या फोटोतल्या सगळ्या पिक्सेलची बेरीज केली की झालं!" घसरतात ते इथे. फोडण्यांनी स्वयंपाकघरातल्या ट्यूबवर चिकट थर बसतो. उजेड कमी झाला, तो ट्यूब जुनी झाली म्हणून की थरामुळे? अंतराळात तेच होतं. यानातल्या गोंदा-प्लास्टिकमधून सुटलेली वाफ आरशांवर बसते आणि अतिनील किरण तिला तिथेच भाजून पक्की करतात. सूर्याची सक्रियता कमी-जास्त होण्याच्या अकरा वर्षांच्या सौरचक्रात २५० नॅनोमीटरपाशी सूर्य बदलतो जेमतेम काही टक्के. आरसा त्याहून जास्त मंदावू शकतो. डाग कुठे, ज्वाला कुठून उठली, हे सांगायला फोटोला अडचण नाही, कारण तिथे शेजारच्या पिक्सेलशी तुलना असते. पण अतिनील किरणांमुळे वातावरणात बनणाऱ्या-मोडणाऱ्या ओझोनचा हिशेब करणाऱ्याला यंदाचा आकडा दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडायचा असतो. बेरजेतून सूर्य मंदावला की आरसा, ते कळत नाही.

म्हणून सोल्स्टिसची रचनाच वेगळी होती. दिवसा सूर्य, रात्री त्याच आरशांनी, त्याच डिटेक्टरने काही स्थिर निळे तारे. तारे कोट्यवधी पट मंद, म्हणून सूर्यासाठी प्रकाश आत घ्यायचं छिद्र अगदी बारीक, ताऱ्यांसाठी मोठं आणि मोजणी जास्त वेळ. सगळे तारे एकदम मंद दिसू लागले, तर दोष आपल्या आरशाचा.

१९९१च्या नासाच्या यूएआरएस उपग्रहावर सोल्स्टिसच्याच पहिल्या आवृत्तीशेजारी 'सुसिम' हे तशाच कामाचं उपकरण होतं. ते ताऱ्यांऐवजी सोबत नेलेल्या, अतिनील प्रकाश देणाऱ्या ड्युटेरियम दिव्यांशी ताडून बघायचं. माझं मत ताऱ्यांना. दिवाही म्हातारा होतोच.