कोकणातल्या सत्याच्या वाटा: कोण कुठून आलं आणि काय सांगत होतं

"सगळे धर्म शेवटी एकाच ठिकाणी पोचवतात" हे कोकणात कुणालाही म्हणून बघा, लगेच मान डोलावतील, आणि ते काही तोंडदेखलं नसतं, कारण आमच्याकडे गावच्या देवीला गाऱ्हाणं घालणारा माणूस पिराला चादर पण चढवतो आणि बांद्र्याला गेला तर मोत माऊलीला मेणबत्ती पण लावून येतो. पण मागचा इतिहास बघायला गेलं तर प्रकरण एवढं सरळ नाहीये. या किनाऱ्यावर आलेल्या पंथांनी एकमेकांच्या जागा घेतल्या, भाषा घेतली, गायची पद्धत घेतली, पण पोचायचं कुठे यावर त्यांचं एकमत कधीच नव्हतं, आणि मला तरी तेच जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

सुरुवात नालासोपाऱ्यापासून करावी लागते. तेव्हाचं शूर्पारक, मोठं बंदर. तिथला पूर्ण (पाली ग्रंथात पुन्न) नावाचा व्यापारी बुद्धाचा भिक्खू झाला आणि परत आपल्या मुलखात जायला निघाला, तर बुद्ध त्याला विचारतो की बाबा तिकडची माणसं फार तापट, शिव्या दिल्या तर काय करशील? तो म्हणतो, हात तरी उगारला नाही म्हणून चांगलीच म्हणेन. हात उगारला तर? दगड तरी नाही मारले. असं करत करत जीव घेण्यापर्यंत प्रश्न जातो आणि पुन्नचं उत्तर काही बदलत नाही. (कोकणी माणसाच्या तापटपणाची ही बहुतेक सगळ्यात जुनी नोंद असावी.) पण त्या संवादात खरा उपदेश त्याच्या आधी येतो. डोळ्याला, कानाला, जिभेला जे भेटतं त्यात मन रमवलं की दुःख उभं राहतं, रमवणं थांबलं की दुःख थांबतं. बास. देव नाही, आत्मा नाही, कृपा नाही, स्वतःच्या मनावर नजर ठेवायची एवढीच वाट.

याच सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खोदला, ज्याला गावातले लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे, आणि आत एकात एक ठेवलेले करंडक निघाले, त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते, सोबत बुद्धमूर्ती. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे पण इथेच मिळाले, आठवा आणि नंतर नववा. नवव्यात अशोक म्हणतो की आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास म्हटला की लोक नाना विधी करत बसतात, त्याचं फळ थोडं, त्यापेक्षा नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं हा खरा मंगलविधी. नवसांच्या प्रदेशात हे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवलंय आणि नवस काही कमी झाले नाहीत!

पुढे कान्हेरी, कुडा, महाडजवळची गांधारपाले अशी लेणी होत गेली, बंदरातून घाटावर जाणाऱ्या व्यापाराच्या वाटांना धरून, कारण भिक्खूंना दान लागतं आणि दान व्यापाऱ्याकडे असतं. कान्हेरीत तर १००९ आणि १०२१ सालचे पहलवी लिपीतले लेख आहेत, म्हणजे पारशी मंडळी बौद्ध लेणी बघायला येऊन आपली नावं कोरून गेली.

पण एकच जागा किती पंथांना पुरते हे बघायचं तर दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला जायचं. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी. साधारण तिसऱ्या शतकात हीनयान, म्हणजे जुन्या बौद्ध पंथाच्या, भिक्खूंनी सुरुवात केली, दहाव्या-अकराव्या शतकात तिथेच वज्रयानी आले, म्हणजे मंत्र, मंडल आणि उग्र देवतांची साधना, मग शिलाहार राजांच्या काळात शिव आणि गणपती, आणि त्यानंतर नाथपंथी. आधीच्यांनी कोरलेल्या खोल्यांत नंतरचे राहिले, मूर्ती बदलल्या. आता वज्रयानी आणि नाथ यांच्यात शरीर हेच साधन, श्वास हीच किल्ली, गुरूशिवाय गती नाही असं बरंच सारखं आहे त्यामुळे हा बदल एका रात्रीत झाला नसणार. पण बौद्ध शेवटी म्हणतो 'मी' असं काही सापडतच नाही आणि नाथ म्हणतो सोऽहं, तोच मी आहे. त्याच दगडाच्या ओट्यावर बसून दोन अगदी उलट उत्तरं.

समुद्राकडून आलेल्यांत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, यांची गोष्ट वेगळीच. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली असं ते सांगतात. तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. पोथ्या गेल्या, हिब्रू गेली, उरलं काय तर शनिवार, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शमा इस्रायल', म्हणजे देव एक आहे याची ग्वाही. पुढे दाऊद रहाबी नावाच्या माणसाने बायकांसमोर वेगवेगळे मासे ठेवले आणि त्यांनी खवले नसलेले, म्हणजे ज्यू धर्मात न चालणारे, बाजूला काढले, त्यावरून हे ज्यू आहेत हे त्याला पटलं अशी आख्यायिका आहे. मला ही फार आवडते, कारण धर्माची परीक्षा मासे निवडण्यात घेणं हे कोकणातच होऊ शकतं. इथे सत्याचा मार्ग म्हणजे ध्यान नाही, अनुभव नाही, नेम. नेम पाळला की देवाशी केलेला करार टिकतो. आणि तरी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, ओलं खोबरं आणि फळं घालून मलिदा करतात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तर मुंबईत अब्राहम आणि योसेफची मराठी कीर्तनं पण होऊ लागली, म्हणजे नारदाची गादी आणि आख्यान बायबलचं.

माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे किनाऱ्यावरच्या सूफी परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव. इब्न अरबीच्या विचाराचे, म्हणजे अस्तित्व एकच आहे, दिसतं ते सगळं त्याचंच प्रकटीकरण. कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं त्यांनी, भलतं विद्वत्तेचं काम. पण उरुसाला येणाऱ्या गर्दीतल्या कितीजणांना ते भाष्य माहीत असेल? लोकांना माहीत आहे ती गोष्ट वेगळी, की आईने रात्री पाणी मागितलं, हे घेऊन येईपर्यंत तिला झोप लागली तर सकाळपर्यंत पेला घेऊन उभे राहिले. तत्त्वज्ञान पुस्तकात राहिलं आणि सेवा लोकांत गेली. उरुसाला पहिला संदल, म्हणजे चंदन घेऊन जाणारी मिरवणूक, मुंबई पोलिसांचा असतो, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

ख्रिस्ती बाजूची गोष्ट एवढी गोड नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, देवळं पाडलेली, आणि त्याच काळात १५७९ ला आलेला थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री मराठी शिकला आणि ओवीत ख्रिस्तपुराण लिहून १६१६ ला रायतूरला छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. बाटलेल्या लोकांची पुराणं काढून घेतली होती, त्या रिकाम्या जागी काहीतरी द्यायला हवं होतं, हे कारण. छंद आपला, शब्द आपले, पण आतला मुद्दा पक्का ख्रिस्ती, की माणूस स्वतःच्या बळावर सुटत नाही, त्याला तारणारा लागतो. सोऽहं म्हणणाऱ्या नाथाला हे कधीच पटलं नसतं. आणि गंमत बघा, १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांच्या बोलीवरच बंदीचा हुकूम काढला, म्हणजे ज्या दारातून आत शिरले तेच दार लावून घेतलं.

नाथांचा धागा मात्र कोकणात तुटला नाही. अठराव्या शतकात बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये, कुलकर्णीपण सोडून निघालेले. कुडाळजवळच्या माणगावला १८५४ साली जन्मलेले टेंबे स्वामी दत्तसंप्रदायातले, त्यांचा रोख कर्म आणि आचारावर. पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३ ते १९७४) आधी स्वातंत्र्यचळवळीत, मग मोठं आजारपण, आणि मग जवळपास ४० वर्षं पावसला अनंत निवासात सोऽहं साधना. आणि मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेले मारुती कांबळी, म्हणजे निसर्गदत्त महाराज, गिरगावात विडीचं दुकान. गुरू सिद्धरामेश्वर महाराजांनी सांगितलं 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा, यांनी धरलं. खेतवाडीच्या पोटमाळ्यावर मराठीत झालेली बोलणी १९७३ ला इंग्रजीत पुस्तक होऊन आली आणि परदेशातून माणसं यायला लागली. त्यांना महाराज सगळं सोडून 'मी' कोण ते बघा म्हणत, आणि स्वतः मात्र गुरूची आज्ञा म्हणून शेवटपर्यंत भजन करत राहिले.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट दाबली जाते ती म्हणजे वाटेवर पाय ठेवायला कोणाला मिळत होता. सगळ्यांत एकच ब्रह्म म्हणणाऱ्या समाजात महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला, आणि कोर्टातला निकाल यायला १९३७ उजाडलं. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि रत्नागिरी-रायगडातल्या गावागावांतून लोक बौद्ध झाले, ज्या धर्माची लेणी तेवढी इथे उरली होती तो माणसांसकट परत आला. पण हा पुन्नचा धर्म जसाच्या तसा नाही. २२ प्रतिज्ञांत निर्वाणाच्या आधी समता येते, आणि बाबासाहेबांनी बुद्ध मांडला तो माणसाने माणसाशी कसं वागावं हे सांगणारा. ध्यानाला बसायच्या आधी पाणवठ्यावर जाता आलं पाहिजे, हा हिशोब त्याआधी इतक्या उघडपणे कोणी मांडला नव्हता, आणि दरवर्षी २० मार्चला महाडला जी गर्दी होते ती त्यासाठीच.