लेस पॉल कस्टम: काळ्या फ्रेटबोर्डची पार्श्वभूमी

गिब्सन कंपनीच्या लेस पॉल कस्टम या इलेक्ट्रिक गिटारीवर बोलणं सुरू झालं की गाडी फार वेळ न लागता एकाच स्टेशनावर येऊन थांबते: फ्रेटबोर्ड (नेकवरची, म्हणजे गिटारीच्या लांब दांडीवरची पट्टी, जिच्यावर तारा दाबतात) लाकडाचा की कागदाचा? वाद 2011 नंतरचा आहे, पण त्याची मुळं या गिटारीच्या जुन्या दिमाखात आहेत.

1954 साली ही गिटार आली ती गोल्डटॉपच्या, म्हणजे सोनेरी रंगाच्या मूळ लेस पॉलच्या, वरची पायरी म्हणून. काळा रंग, सोनेरी हार्डवेअर, कडांना अनेक पदरी बाइंडिंग, आणि फ्रेटबोर्ड गोल्डटॉपला तपकिरी रोझवूडचा तर हिला एबनीचा, म्हणजे जवळपास काळ्या, कठीण लाकडाचा. ‘कस्टम’ म्हणजे कुणी ऑर्डर देऊन बनवून घेतलेली असं नव्हतं. कॅटलॉगमधलं महाग मॉडेल, एवढंच. (पुढे हे मॉडेल खरोखरच कंपनीच्या कस्टम शॉपकडे गेलं आणि नावाचा गोंधळ दुप्पट झाला.) गंमत म्हणजे बॉडीवर मेपल लाकडाचा थर स्वस्तातल्या गोल्डटॉपला, आणि हिची बॉडी नुसत्या महोगनीची. ज्या वादकाचं नाव गिटारीवर आहे, तो लेस पॉल पुढे सांगत राहिला की कारखान्यात हे उलट झालं.

1957 मध्ये तीन हमबकर (तारांचा आवाज टिपणारे, गुणगुण कमी करणारे पिकअप) आले. 1961 मध्ये जुना आकारच गेला आणि दोन शिंगांची पातळ बॉडी आली. 1968 मध्ये मूळ आकार परतला, या वेळी मेपल टॉपसह. सत्तरच्या दशकात थर चिकटवलेली बॉडी, मेपलचा नेक, मिशिगनमधल्या कॅलामाझूहून टेनेसीतल्या नॅशव्हिलकडे सरकणारं उत्पादन. या काळाला नावं ठेवायची रीतच पडली आहे. वजन सोडलं तर मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. मेपल फ्रेटबोर्डसारखे अपवाद वगळता एबनी मात्र टिकून राहिलं.

ते डळमळलं कायद्यामुळे. अमेरिकेचा लेसी कायदा 1900 सालचा, मुळात वन्यजीवांसाठीचा. 2008 मध्ये तो लाकडालाही लागू झाला: ज्या देशातून लाकूड आलं, तिथला कायदा मोडला असेल तर अमेरिकेतही तो गुन्हा. नोव्हेंबर 2009 मध्ये कंपनीवर पहिली धाड पडली, मादागास्करच्या एबनीसाठी. ऑगस्ट 2011 मध्ये दुसरी, भारतातून आलेल्या एबनी आणि रोझवूडसाठी.

या दोन्ही धाडी सर्रास एकाच मापाने मोजल्या जातात, आणि तिथेच चूक होते. मादागास्करने अर्धवट घडवलेल्या एबनीची निर्यात बंद केली होती आणि तिथल्या जंगलतोडीबद्दल कंपनीला अंधारात ठेवलेलं नव्हतं. भारताचं प्रकरण वेगळं. तिथे प्रश्न होता मिलिमीटरचा. भारताच्या निर्यात नियमांत 6 मिलिमीटरपर्यंतची पट्टी म्हणजे व्हेनीअर (लाकडाचा पातळ थर), तिला परवानगी; त्याहून जाड ते चिरीव लाकूड, त्याला मनाई. फ्रेटबोर्डसाठी आलेल्या पट्ट्या होत्या साधारण 10 मिलिमीटरच्या. त्यांना घडवलेला भाग म्हणायचं की कच्चा माल? 2012 च्या तडजोडीत कंपनीने 3 लाख डॉलर दंड भरला, मादागास्करच्या जप्त एबनीवरचा हक्क सोडला. भारतीय लाकूड मात्र परत मिळालं, आणि त्याच्या वर्गीकरणात संदिग्धता असल्याचं सरकारनेही मान्य केलं.

मधल्या काळात कस्टमवर रिचलाइट आलं: कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून, दाबून, भाजून केलेला काळा पत्रा. स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी वापरतात तोच. ओरड झाली ती याच कारणाने. माझं मत विचाराल तर वाजवताना रिचलाइटमध्ये खोट काढणं कठीण आहे. ते हवामानाने आकसत नाही, तडकत नाही. पण कस्टम कधी नुसत्या आवाजावर विकली गेली नव्हती. सर्वांत महाग मॉडेलची खूण म्हणून जे लाकूड पन्नासहून अधिक वर्षं मिरवलं, त्याच्या जागी ओट्याचा पत्रा, आणि गिटार मात्र त्याच महागड्या श्रेणीत. ग्राहकाचा राग अगदीच अनाठायी नव्हता.

पुढे एबनी परत आलं. त्यामुळे त्या मधल्या वर्षांतली कस्टम वापरलेल्या गिटारींच्या बाजारात आली की आधी तारा बाजूला सारून फ्रेटबोर्ड दिव्याखाली तिरपा धरला जातो. एबनीवर बारीक सुईने टोचल्यासारखी छिद्रं दिसतात, कुठे तपकिरी रेघ जाते. रिचलाइट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं काळं.