क्यूआर चौकटीतली सही : युरोपचे कोविड प्रमाणपत्र

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ इटलीत भडकली, तेव्हा युरोपीय संघाचे जे रूप दिसले ते सहकार्याचे नव्हते. जर्मनी आणि फ्रान्सने मास्क व संरक्षक साधनांच्या निर्यातीवर बंधने घातली, आणि शेंगेन क्षेत्रातल्या एरवी खुल्या असणाऱ्या सीमांवर पुन्हा पोलीस उभे राहिले. आरोग्यव्यवस्था चालवणे ही सदस्य देशांची जबाबदारी असल्यामुळे ब्रुसेल्सच्या, म्हणजे संघाच्या मध्यवर्ती यंत्रणेच्या, हाती अधिकारही तोकडेच होते. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, म्हणजे जेमतेम सव्वा वर्षाने, १ जुलै २०२१ रोजी, लागू झालेल्या, एका देशातून दुसऱ्यात जाताना दाखवायच्या डिजिटल कोविड प्रमाणपत्राचे महत्त्व कळते.

हा दाखला तीन कारणांनी मिळत असे: लस घेतली म्हणून, चाचणीचा निकाल हाती आला म्हणून, किंवा आजारातून बरे झाल्यामुळे. अडचण दाखला देण्यात नव्हती, तो ओळखण्यात होती. लिस्बनमध्ये दिलेला कागद वॉर्सातल्या तपासनिसाने खरा कशावरून मानायचा? सगळ्या युरोपची एकच लसीकरण नोंदवही करणे हा एक मार्ग होता. पण कोट्यवधी लोकांची वैद्यकीय माहिती एका ठिकाणी साठवणे तिथल्या खासगीपणाच्या कायद्यांत बसणारे नव्हते आणि लोकांनाही ते रुचले नसते.

त्यावर उपाय सापडला तो डिजिटल सहीचा. प्रत्येक देशाकडे गणिताने परस्परांशी बांधलेल्या किल्ल्यांच्या, म्हणजे मोठमोठ्या संख्यांच्या, जोड्या असतात. खासगी किल्ली देश गुप्त ठेवतो आणि तिने दाखल्यावर सही करतो. सार्वजनिक किल्लीने ती सही कोणालाही पडताळता येते, मात्र नवी सही करता येत नाही. नाव, जन्मतारीख किंवा मात्रेची तारीख यांपैकी एक अक्षर जरी बदलले तरी पडताळणी फसते. त्यामुळे देशांनी एकमेकांना द्यायच्या होत्या त्या फक्त सार्वजनिक किल्ल्या. त्यांची देवाणघेवाण करणारे केंद्र लक्झेंबर्गमध्ये उभारले गेले आणि १ जून २०२१ रोजी जर्मनी, ग्रीस, पोलंड यांच्यासह सात देश त्याला प्रथम जोडले गेले. प्रवाशाची माहिती या केंद्रातून जातच नव्हती. तपासनिसाच्या फोनमध्ये किल्ल्यांची यादी आधीच उतरवलेली असल्याने इंटरनेट नसतानाही पडताळणी होई.

दाखल्यावरचा क्यूआर कोड साध्या स्कॅनरने वाचला, तर 'एचसी१' या अक्षरांनी सुरू होणारी एक अगम्य ओळ दिसे. मूळ माहिती आटोपशीर स्वरूपात मांडून, तिच्यावर सही करून, मग ती दाबून लहान केलेली असे. शेवटी ती ४५ चिन्हांच्या लिपीत लिहीत, कारण क्यूआर कोडच्या एका प्रकारात दहा अंक, इंग्रजीतली २६ मोठी अक्षरे आणि नऊ चिन्हे एवढीच फार कमी जागेत बसतात. कोड जितका लहान, तितका तो चुरगळलेल्या कागदावरूनही वाचता येण्याची शक्यता अधिक.

अर्थात सही सांगते ती दाखला कोणाच्या किल्लीने निघाला एवढेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये चक्क अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या नावाचे दाखले इंटरनेटवर फिरू लागले, आणि पडताळणीच्या अ‍ॅपने ते वैध ठरवले. गणित फसले नव्हते. दाखले देणाऱ्या यंत्रणेचे दार कुठेतरी उघडे राहिले होते.

कोणती लस ग्राह्य धरायची, हा प्रश्न तर सहीच्या कक्षेबाहेरचाच होता. युरोपीय औषध संस्थेने मान्य केलेल्या लशी ग्राह्य धरणे सर्व सदस्य देशांवर बंधनकारक होते. इतर लशींचा निर्णय ज्या त्या देशावर सोडला होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशिल्ड इथे अडकली. ती ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस, जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२१ मध्येच तिला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतले होते. पण युरोपात मंजुरी मिळते ती विशिष्ट उत्पादनाला, त्याच्या कारखान्यासह, आणि मंजुरी होती ती अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या व्हॅक्सझेव्हरिया या नावाच्या उत्पादनाला. जीवशास्त्राच्या दृष्टीने हा भेद फारसा पटणारा नव्हता, नियमनाच्या दृष्टीने मात्र तो निराधारही नव्हता. भारताने आक्षेप घेतल्यानंतर जर्मनी, स्पेन, ग्रीस अशा काही देशांनी कोव्हिशिल्डला स्वतंत्रपणे मान्यता दिली.

पुढे विज्ञानच बदलत गेले. एकाच मात्रेची जॅन्सेन लस घेतलेल्याने वर्धक (बूस्टर) मात्रा घेतली, तर दाखल्यावर '२/१' (घेतलेल्या मात्रा / मूळ ठरलेल्या मात्रा) लिहायचे ठरले, कारण '२/२' लिहिल्यास ती केवळ मूळ दोन मात्रांची नोंद वाटली असती. लशीचे संरक्षण ओसरते हे दिसल्यावर १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासासाठी मूळ मात्रांचा दाखला २७० दिवसच ग्राह्य ठरला. ओमिक्रॉनची लागण तर लस घेतलेल्यांनाही सर्रास होऊ लागली आणि 'दाखला आहे, म्हणजे संसर्गाचा धोका कमी' हे मूळ गृहीतकच लंगडे पडले.

३० जून २०२३ रोजी या प्रमाणपत्राच्या नियमाची मुदत संपली. तोवर संघाबाहेरचे ५१ देश आणि प्रदेश या व्यवस्थेला जोडले गेले होते. दुसऱ्या दिवसापासून याच तंत्रावर आधारलेले जागतिक जाळे जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतले. संघटना किल्ल्यांची देवाणघेवाण पाहते; दाखला द्यायचा कोणाला आणि मानायचा कोणता, हे देशच ठरवतात.