अंगणातून वर्गात, वर्गातून अंगणात

'अंगणवाडी' या शब्दातले अंगण आता कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. हा शब्द जिथून आला, ती वाट मुंबईतूनच निघते.

गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करून मुंबईत परतलेल्या ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार ही बालशाळा सुरू केली. मुलांच्या जोडीने शिक्षिकाही तिथे घडू लागल्या. पण मुलांनी हाताळून शिकायच्या माँटेसोरी पद्धतीची गुळगुळीत लाकडी साधने महाग. ती परवडणाऱ्या घरांपुरतेच हे शिक्षण राहील, ही ताराबाईंची खंत होती. १९४५ मध्ये बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची शिक्षिका अनुताई वाघांशी भेट झाली. त्याच वर्षी दोघींनी बोर्डीला काम सुरू केले, आणि १९५७ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या.

तिथली वारली मुले शाळेत येईनात. धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, गुरे कोण राखणार? मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली, आणि गुराख्यांसाठी कुरणात कुरणशाळा. बिया, पाने, खडे, शिंपले हीच साधने. मोजायचे ते चिंचोक्यांनी, वर्गीकरण करायचे ते पानांचे. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी की, शिक्षिकेचे प्रशिक्षणही त्याच अंगणात, मुलांमध्येच होत असे. बियांच्या ढिगात गणित बघायची नजर तिला तिथेच मिळाली. पुढे १९७५ मध्ये लहान मुलांच्या पोषण-शिक्षणासाठी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि 'अंगणवाडी' देशभर पोचली. नाव पोचले, अंगण मात्र बहुतेक ठिकाणी एका खोलीत मावले.

प्राथमिक शाळेत, भोवतालातून शिकण्याच्या या विचाराला 'परिसर अभ्यास' हा विषय मिळाला. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १९९१ चा. मुंबईत जागांचीही उणीव नाही: कचऱ्याच्या जुन्या डेपोवर उभे राहिलेले धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र. तरी बहुतेक मुलांसाठी परिसर म्हणजे वर्षातली एक सहल. कारण शिक्षकाची तयारी होते ती फळा, तक्ते आणि पाठ टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, यांवर. चाळीस मुले झाडाखाली नेली की आवाज कसा पोचवायचा, लक्ष कसे टिकवायचे, मुंगळ्यांची रांग निघाली तर ठरलेला पाठ बाजूला कधी ठेवायचा, हे टाचणात बसत नाही. ते कुणाच्या तरी सोबत बाहेर उभे राहूनच कळते. कोसबाडला ती सोबत होती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दहा दप्तरविरहित दिवस आहेत. ते सहावी ते आठवीसाठी. कोसबाडच्या अंगणात बसलेली मुले त्याहून कितीतरी लहान होती.